पांडा घड्याळ घ्यायचंय? आधी काटे बघा

प्रश्न असा आला आहे: "मी इंदूरलाच, सुदामा नगरात राहतो. वय २६. पहिल्या बोनसमधले २५ हजार बाजूला ठेवलेत. पांढऱ्या डायलवर काळे गोल असलेलं क्रोनोग्राफ, ज्याला पांडा म्हणतात, ते घ्यायचं मनात आहे. तीन पर्याय दिसतात: जपानी मशीनचं, सेलवर चालणारं क्वार्ट्झ, चावीचं चिनी सीगल मशीनवालं, आणि ऑनलाइन १८ हजारांत मिळणारं १९७० च्या सुमाराचं जुनं स्विस. मित्र म्हणतो, ती बटणं कोणी दाबत नाही, साधं घड्याळ घे. काय करू?"

आधी ते १८ हजारांचं स्विस यादीतून काढा. का, ते खाली येईलच. उरलेल्या दोघांत, पहिल्यांदा क्रोनोग्राफ घेणाऱ्याला मी जपानी मशीनचं घ्या असं सांगेन. तुमच्या मित्राचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, त्याच्याकडे शेवटी वळू.

राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं दुकान बाबांनी टाकलं. मी तिथं स्टुलावर बसायला लागलो त्याला ३४ वर्षं झाली. दुकान म्हणजे काय, एक टेबल, एक दिवा, डोळ्याला लावायचं भिंग आणि सेल बदलायला आलेली माणसं. क्रोनोग्राफ महिन्याला चार-पाच येतात. त्यातली निम्मी बिघडलेली नसतातच, मालकाला ती वाचता येत नसतात. म्हणून सुरुवात वाचण्यापासून करतो.

क्रोनोग्राफमध्ये एकाच तबकडीवर दोन वेळा नांदतात. एक रोजची, आणि दुसरी तुम्ही बटण दाबून सुरू केलेली. नावाचा अर्थ 'काळ लिहिणारा', आणि १८२१ साली निकोला रिओसेक या फ्रेंच घड्याळजीनं घोड्यांच्या शर्यतीसाठी जे यंत्र केलं ते खरोखरच तबकडीवर शाईचा ठिपका उमटवायचं. पुढे शाई गेली, नाव तेवढं राहिलं. मोटारींच्या शर्यतींचा जमाना आला तोवर डायलवर आकड्यांची इतकी गर्दी झाली होती की धावत्या गाडीत नेमका कोणता काटा बघायचा हेच कळेना. रोलेक्सचं ६२३८ नंबरचं मॉडेल बघा: देखणं आहे, पण लहान तबकड्या आणि मोठी तबकडी एकाच रंगाची. १९६३ च्या ६२३९ मध्ये त्यांनी वेग मोजायची पट्टी डायलवरून उचलून बेझेलवर, म्हणजे काचेभोवतीच्या कड्यावर, नेली आणि लहान तबकड्यांना डायलच्या उलटा रंग दिला. तेच पुढे डेटोना म्हणून गाजलं. पांढऱ्यावर काळे डोळे असले तर पांडा, काळ्यावर पांढरे असले तर उलटा पांडा.

याच डेटोनाच्या डायलचा एक नखरेल प्रकार सिंगर नावाच्या कारखान्यात बनायचा. त्या काळी दुकानदारांकडे तो पडून राहायचा. नट पॉल न्यूमनच्या मनगटावर तो दिसला, त्याचं नाव त्या डायलला पडलं, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलिप्सच्या लिलावात न्यूमनचं स्वतःचं घड्याळ १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेलं. मागच्या झाकणावर बायकोनं कोरून घेतलं होतं: गाडी जपून चालव. आता जो उठतो तो पांडा काढतो ते याच गाडीच्या मागे लागून.

आता तुम्ही दुकानात उभे आहात आणि समोर ट्रेमध्ये तीन पांडे ठेवलेत असं धरा. सगळे डायल बघतात. तुम्ही काटे बघा. पांढरी, जरा चमकदार तबकडी आणि त्यावर चकचकीत पॉलिश केलेले स्टीलचे काटे असं घड्याळ ट्रेमध्ये दिव्याखाली झकास दिसतं, आणि दुपारी एक वाजता रस्त्यावर आलात की काटे नाहीसे होतात. पांढऱ्यावर चंदेरी, दोन्ही उजेड परतवतात, वेळ दिसत नाही. दुकानदाराला सांगा, जरा दारात नेऊन बघतो. हात लांब करा, मनगट थोडं वाकडं करा आणि एका नजरेत मिनिटं वाचून बघा. तीन सेकंद लागले तर ते घड्याळ परत ट्रेमध्ये ठेवा. काट्यांना काळी कड असेल किंवा मधोमध काळी रेघ असेल तर काम होतं. मधला लांब सेकंद काटा लाल किंवा काळा असावा. काळ्या डोळ्यांमधले छोटे काटे पांढरेच हवेत. स्वस्तातल्या काही घड्याळांत तिथंही चंदेरी काटे असतात आणि तिरक्या उजेडात ते काळेच दिसतात, म्हणजे जिथं वाचायला मदत व्हावी म्हणून रंग उलटा केला तिथंच वाचता येत नाही. उलटा पांडा या बाबतीत सोपा असतो, काळ्या जमिनीवर चंदेरी काटा उठून दिसतो. मला विचाराल तर रोज वापरायला उलटा पांडा बरा. पण तुमचं मन पांढऱ्यावर बसलंय हे प्रश्नातच कळतं, तेव्हा तो वाद नको.

भिंग मिळालं तर डोळ्याची कड बघा. चांगल्या डायलमध्ये लहान तबकडी किंचित खाली बसवलेली असते आणि तिच्यावर ग्रामोफोनच्या रेकॉर्डवर असतात तशा बारीक गोल चऱ्या असतात. उजेड फिरला की त्या चऱ्यांवर पंख्याच्या पात्यासारखा झोत फिरतो. स्वस्त डायलमध्ये सपाट पांढऱ्यावर काळा रंग छापलेला असतो. त्यात गैर काही नाही, मात्र काळं-पांढरं जिथं भेटतं ती रेघ स्वच्छ हवी. भिंगातून ती कुरतडल्यासारखी दिसली तर बाकीच्या कामातही तशीच घाई झालेली असणार. आणि तारखेची खिडकी एखादा डोळा अर्धा कापून बसवलेली असेल तर ते घड्याळ मी तरी घेणार नाही. हा माझा हट्ट म्हणा.

एक इशारा. हजार-दीड हजारात जे पांडे मिळतात, त्यातल्या बऱ्याच जणांचे डोळे आंधळे असतात. काटे छापलेले किंवा चिकटवलेले, बटणं नुसती शोभेची. काहींमध्ये डोळे खरे असतात, पण एकात वार, एकात तारीख, एकात २४ तास, आणि बटणं दाबून फक्त तेच बदलता येतं. तो क्रोनोग्राफ नव्हे. वरचं बटण दाबल्यावर मधला लांब काटा निघाला, पुन्हा दाबल्यावर थांबला आणि खालचं दाबल्यावर बारावर परत आला तर तो क्रोनोग्राफ. चालू-बंद वर आणि शून्य खाली ही दोन बटणांची रीत ब्राइटलिंगनं १९३४ साली आणली, तीच आजवर चालते.

आता वाचता न येण्याचं सांगतो. गेल्या महिन्यात लोकमान्य नगरातले एक काका आले. मुलानं वाढदिवसाला पांडा दिला होता. "अहो, हे नवंच बंद पडलंय, सेकंद काटा हलतच नाही." मी घड्याळ त्यांच्या हातातच ठेवून खालच्या डोळ्यावर बोट ठेवलं. तिथं छोटा काटा टिकटिक चालला होता. मधला लांब काटा हा क्रोनोग्राफचा, बटण दाबेपर्यंत तो बारावर गप्प उभा असतो. रोजचे सेकंद एका डोळ्यात असतात. काकांनी बटण दाबलं, काटा निघाला, चेहरा खुलला. दहा मिनिटांनी गल्लीच्या टोकावरून परत आले: "सेकंद कळले हो, पण उजवीकडचा काटा चालत नाही." त्यांच्या घड्याळात सीकोचं व्हीके६३ मशीन होतं. त्यात नऊच्या डोळ्यात ६० मिनिटं मोजली जातात, सहाच्या डोळ्यात रोजचे सेकंद आणि तीनच्या डोळ्यात २४ तासांचा काटा असतो, तो तासकाट्याला जोडलेला. तो दिवसातून एकच फेरी घेतो, चालताना दिसणार कसा? दुपारचे तीन की रात्रीचे तीन एवढंच तो सांगतो. खरं सांगायचं तर तो डोळा तिसरी जागा भरायला आहे, पण पांड्याला तोंड पुरं व्हावं लागतं ना.

हेच व्हीके६३ आणि त्याचा दोन डोळ्यांचा भाऊ व्हीके६४, हे तुमच्या पहिल्या पर्यायात असण्याची शक्यता जास्त. घेण्याआधी विक्रेत्याला मशीनचा नंबर विचारा. सांगता येत नसेल तर दुसरीकडे जा. या मशीनची गंमत अशी की वेळ क्वार्ट्झ राखतं, सेलवर, पण क्रोनोग्राफचा भाग जुन्या चावीच्या घड्याळासारखा आहे. साध्या क्वार्ट्झ क्रोनोग्राफमध्ये खालचं बटण दाबलं की मोटर काट्याला गोल फिरवत शून्यावर आणते. इथं हातोडी पडते आणि काटा टक् करून उडी मारतो.

ती उडी कशी बसते हे उघडून बघण्यासारखं आहे. काट्याच्या आसावर पत्त्यातल्या बदामासारखी एक चकती असते. बदामाच्या कडेवर कुठेही सपाट हातोडी दाबा, तो घसरत फिरतो आणि दोन गालांमधल्या खाचेपाशी येऊन थांबतो, नेहमी त्याच जागी. म्हणून काटा ७ सेकंदांवर असो की ५३ वर, परत येतो तो बारावरच. अडॉल्फ निकोलनं १८४४ साली या बदामाचं पेटंट घेतलं, आणि सीकोच्या आजच्या सेलच्या घड्याळात तोच बदाम बसलेला आहे. काटा चालतो तोही सेकंदाला पाच पावलं टाकत, त्यामुळे तो घसरत गेल्यासारखा दिसतो. एक सेल साधारण ३ वर्षं जातो. मात्र क्रोनोग्राफ सतत चालू ठेवला तर त्याच्या आधी संपतो. कित्येक जण 'काटा फिरताना छान दिसतो' म्हणून तो चालूच ठेवतात. ठेवू नका.

सेल बदलल्यावर साध्या क्वार्ट्झ क्रोनोग्राफचा काटा कधी कधी बाराऐवजी ५८ सेकंदांवर थांबतो आणि लोक म्हणतात, घड्याळवाल्यानं बिघडवलं. बहुतेक मॉडेलांत चावी शेवटपर्यंत बाहेर ओढून बटण टिचकी टिचकीनं दाबलं की काटा एकेक घर सरकतो. घरीच होतं. व्हीके मशीनमध्ये ही सोय नाही आणि लागतही नाही. तिथं काटा चुकला असेल तर तो आसावर सैल झालेला असतो, तो काढून पुन्हा बसवावा लागतो, आणि हे काम घरी करायचं नाही.

दुसरा पर्याय, सीगल. याच्याबद्दल मला प्रेम आहे, म्हणून जपून बोलतो. १९६१ च्या सुमारास चीननं स्विस व्हीनस कंपनीच्या १७५ नंबरच्या मशीनची अवजारं आणि यंत्रं विकत घेतली आणि तियानजिनच्या कारखान्यात हवाई दलासाठी क्रोनोग्राफ करायला घेतला. आजचं एसटी१९ हे त्याच घराण्यातलं. रोज चावी द्यायची, तासाला २१,६०० ठोके, आणि बटणांचा हुकूम चालवायला कॉलम व्हील, म्हणजे किल्ल्याच्या बुरुजासारखं दातेरी चाक. मागं काच असली तर बटण दाबून ते चाक एक घर फिरताना आणि तरफा त्याच्या दातांवर चढताना-उतरताना दिसतात. या किमतीत दुसरीकडे हे बघायला मिळत नाही. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी हेच मशीन दाखवतो.

मग नको का म्हणतो? कारण ते बिघडलं तर तुम्ही माझ्याकडेच येणार. सुटे भाग इथं सहज मिळत नाहीत, मागवावे लागतात, आणि चावीच्या क्रोनोग्राफची सर्व्हिसिंग म्हणजे साध्या घड्याळाच्या दुपटी-तिपटीचं काम. प्रत्येक तरफ, प्रत्येक स्प्रिंग काढायची, धुवायची, नेमकं तेल द्यायचं. एक थेंब जास्त पडला तर तेल पसरतं आणि तरफा चिकटतात. बरेचदा मालक विचारतो, एवढे पैसे? त्यापेक्षा नवं नाही येणार? आणि मला खरं उत्तर द्यावं लागतं. तुम्हाला मशीन बघायची हौस असेल आणि पहिलं घड्याळ दुसरं कुठलं तरी असेल, तर सीगल जरूर घ्या. एकमेव घड्याळ म्हणून नको.

आता ते १८ हजारांचं स्विस. त्याच्या आत बहुधा वाल्जू ७७३३ असेल, तारीख असली तर ७७३४. (आमचे बाबा स्पेलिंगप्रमाणे 'वालजॉक्स' म्हणायचे, आणि दुकानात अजून तोच शब्द चालतो.) हे मशीनही व्हीनसच्याच १८८ वरून आलेलं, म्हणजे तुमचे दोन पर्याय चुलत भाऊ निघाले. मशीन दणकट आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण डायलशी आहे. ५० वर्षं जुनी पांढरी तबकडी आपल्या हवेत पांढरीशुभ्र राहत नाही. पावसाळ्यांची ओल आत शिरते, काठाशी पिवळे डाग पडतात, लाखेला भेगा जातात. ऑनलाइन फोटोत ती कालच छापल्यासारखी दिसत असेल तर ती खरोखरच अलीकडे छापलेली असते. जुन्या डायली रंगवून देणारे कसबी कारागीर आपल्याकडे आहेत, आणि दुरुस्ती म्हणून केलेलं ते काम वाईट नाही. रंगवलेलं डायल 'ओरिजिनल' म्हणून विकलं जातं तिथं फसवणूक सुरू होते.

ओळखायचं कसं? मघाशी सांगितलेल्या चऱ्या आठवा. मूळ डोळ्यात त्या धारदार असतात. वरून रंग दिला की त्या बुजतात, डोळा गुळगुळीत, जरा फुगीर दिसतो. आकडे जाड होतात, त्यांच्या पोटातली मोकळी जागा भरते. वेगाच्या पट्टीवरच्या आकड्यांतलं अंतर कमी-जास्त होतं. डोळ्याच्या मधल्या भोकाच्या कडेला रंगाची कड आलेली असते. डोळ्यांतले काटे वेगवेगळ्या लांबीचे असतील तर ते बहुधा वेगवेगळ्या घड्याळांतून आलेत. विक्रेत्याकडे झाकण उघडून मशीनचा फोटो मागा, आणि बटण दाबून काटा शून्यावर येतानाचा व्हिडिओ. द्यायला कां-कूं केली तर विषय संपला. समजा सगळं खरं निघालं, तरी सर्व्हिसिंगचा खर्च तुमच्या उरलेल्या ७ हजारांतूनच जाणार, आणि पहिल्या पावसाळ्यात ते तुम्ही पेटीतच ठेवणार.

पांढऱ्या डायलबद्दल एक माझ्याच चुकीचं सांगतो, कारण तुमचं घड्याळ कधी ना कधी कोणाच्या तरी टेबलावर उघडलं जाणार. मी नवा होतो. एका गिऱ्हाइकाच्या क्रोनोग्राफचे छोटे काटे काढत होतो, डायलवर प्लॅस्टिक न ठेवता. तरफ निसटली आणि तीनच्या डोळ्याच्या कडेपासून पांढऱ्यावर केसाएवढा ओरखडा गेला. काळ्या डायलवर तो शोधावा लागला असता. पांढऱ्यावर, काळ्या कडेला लागून, तो रेल्वेच्या रुळासारखा दिसत होता. बाबांनी भिंग लावून बघितलं, काही बोलले नाहीत, गिऱ्हाइकाला खरं सांगितलं आणि मजुरी घेतली नाही. तेव्हापासून प्लॅस्टिकचा तुकडा ठेवल्याशिवाय मी काट्याला हात लावत नाही. तुम्ही पण झाकण उघडणाऱ्याच्या टेबलावर तो तुकडा आहे का बघा. नसेल तर हसून घड्याळ परत घ्या.

पाण्याचं. क्रोनोग्राफला साध्या घड्याळापेक्षा दोन भोकं जास्त, दोन बटणांची. प्रत्येक भोकात एक बारीक रबराची रिंग, आणि पाणी बाहेर ठेवायचं काम तिचं. बटण दाबलं की दांडी आत सरकते. ते ओल्या हातानं किंवा पाण्याखाली केलं तर रिंगेच्या बाजूनं पाणीही आत. '३० मीटर' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ हात धुताना चार थेंब उडाले तर चालेल एवढाच घ्या. १०० मीटर असेल तर निश्चिंत, पण बटण तरीही पाण्यात दाबायचं नाही.

इंदुरात हे सांगायला वेगळं कारण आहे. रंगपंचमीला राजवाड्यासमोर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, येते, टँकरांतून रंगीत पाण्याचे फवारे उडतात, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात भिजलेली घड्याळं. एका वर्षी एक पोरगा पांडा घेऊन आला. काचेच्या आतून धुकं. झाकण उघडलं तर मशीनवर पाणी होतंच, पण डायल बघण्यासारखं झालं होतं: दोनच्या बटणाच्या बाजूनं गुलाबी पाणी शिरून तीनच्या काळ्या डोळ्याभोवती चंद्राच्या खळ्यासारखी गुलाबी कडा पडली होती. मशीन सुकवून वाचलं. कडा काही केल्या गेली नाही. तो म्हणाला, "राहू द्या भिया, इंदूरचा पांडा आहे." अजून वापरतो. तुम्ही गेरला जाताना घड्याळ घरी ठेवा.

आकाराबद्दल एवढंच की क्रोनोग्राफ जाड असतो. ऑटोमॅटिक क्रोनोग्राफांत फार चालणारं वाल्जू ७७५० हे मशीनच ७.९ मि.मी. जाड आहे, वर काच आणि खाली झाकण वेगळं. क्वार्ट्झमध्ये हा त्रास कमी. पांढरं डायल त्यातही मोठं दिसतं, म्हणून मनगट बारीक असेल तर ३८ ते ४० मि.मी. च्या पुढे जाऊ नका. काच सफायरची मिळाली तर घ्या. उद्या बजेट वाढलं तर सीको प्रॉस्पेक्स स्पीडटायमरचा ३९ मि.मी. चा पांडा, एसएससी८१३, बघून ठेवा: उजेडावर चालतो, पूर्ण भरला की ६ महिने जातो, काच सफायर, पाण्याला १०० मीटर. आज तो तुमच्या २५ हजारांत बसणार नाही.

आता तुमचा मित्र. बटणं कोणी दाबत नाही हे खरंय, कारण विकणारा ती कशासाठी दाबायची हे सांगत नाही. बेझेलवरची पट्टी घ्या. एक किलोमीटर जायला किती सेकंद लागले त्यावरून ती ताशी वेग देते, ३६०० ला सेकंदांनी भागून. इंदूरहून देवासमार्गे उज्जैनच्या गाडीत खिडकीशी बसा. रुळाच्या कडेला किलोमीटरच्या खुणा असतात. एकीपाशी बटण दाबा, पुढचीपाशी थांबवा. काटा ४५ सेकंदांवर आला तर पट्टीवर ८० दिसेल, म्हणजे ताशी ८०. माझा पुतण्या लहान असताना त्याला हा खेळ शिकवला. उज्जैन येईपर्यंत त्यानं खायला मागितलं नाही. जूनमध्ये माळव्यात विजा कडाडायला लागल्या की चमक दिसताच बटण दाबा, गडगडाट ऐकू आला की थांबवा. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. नऊ सेकंद आले तर वीज तीन किलोमीटरवर. जुन्या तोफखान्याच्या घड्याळांवर हे मोजायला वेगळी पट्टी असायची.

पण माझं बटण सर्वांत जास्त दाबलं जातं ते स्वयंपाकघरात. सौ. 'सानंद' या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला गेली की रात्रीचं जेवण माझ्याकडे, आणि मला येतं ते बाटलीतल्या टोमॅटो सॉसचं स्पॅगेटी. बाटलीतला सॉस जसाच्या तसा ओतला तर आंबटगोड आणि कच्चट लागतो. आपण भाजीचा मसाला परततो तसा तो परतावा लागतो, आणि इथं घड्याळ कामाला येतं. तेलात ठेचलेला लसूण आणि लाल मिरचीचे तुकडे ४० सेकंद, त्याहून जास्त झालं की लसूण कडू. मग बारीक चिरलेला कांदा, डोळ्यातला मिनिटकाटा ७ मिनिटांवर येईपर्यंत, मंद आचेवर. मग सॉस, आणि पाच-सहा मिनिटं उकळू द्यायचा, कडेला तेल सुटेपर्यंत. दुसऱ्या शेगडीवर स्पॅगेटी पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा दोन मिनिटं आधी काढायचं आणि ते पाणी सगळं ओतून न देता अर्धी वाटी ठेवायचं. स्पॅगेटी आणि ते पाणी सॉसमध्ये घालून शेवटची दीड मिनिटं मोठ्या आचेवर परतलं की पिठूळ पाण्यानं तेल आणि टोमॅटो एकजीव होतात, सॉस स्पॅगेटीला धरून राहतो, ताटात वेगळा वाहत नाही. वरून मी शेव घालतो. सौ. याला हसते, पण इंदूरच्या माणसानं कशावर शेव घातली नाही ते सांगा.

यासाठी ६० मिनिटांचा डोळा फार सोयीचा. जुन्या घड्याळांत तो बहुधा ३० मिनिटांचा असतो, वरणभाताचा कुकर त्यात कसाबसा बसतो. व्हीके६३ मध्ये ६० मिळतात, काळ्यावर पांढरा काटा, वाफेतूनही दिसतो. फक्त पट्टा चामड्याचा घेणार असाल तर कणीक मळायच्या आधी घड्याळ काढून खिडकीत ठेवा, आणि बटण दाबायच्या आधी हात पुसा.